ओसाकातला मुक्काम : रुळांच्या अलीकडे की पलीकडे?



जपानहून परत आल्यापासून विहारात, लग्नात, अगदी जलदान विधीला गेलो तरी आम्हांला एकच गोष्ट विचारली जाते. तिकडे काय पाहिले, हे विचारणारे थोडे. बहुतेकांचा प्रश्न असतो, "राहिलात कुठे? आणि परवडले कसे?" प्रश्न अगदी रास्त आहे. विमानाचे तिकीट एकदाच काढायचे असते. पोटाला भात आणि अंडे कुठेही मिळते. खर्चाचा खरा आकडा असतो रात्रींचा. सात माणसे आणि सहा रात्री म्हणजे बेचाळीस. आम्ही पेशाने कारकून, त्यामुळे हा बेचाळीसचा आकडा निघण्याच्या आधी चार महिने आमच्या डोक्यात घोळत होता.

आम्ही सात जण म्हणजे आम्ही उभयता, सातवीतला मुलगा, आमच्या आई, महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले काका, आणि आमचे एक स्नेही व वहिनी. पाच वर्षे सर्वांनी मिळून भिशी चालवली. २३ मे २०२४ रोजी विहारात बुद्धपौर्णिमा साजरी केली आणि दोन दिवसांनी निघालो. हे दिवसही विचार करून निवडले होते. मार्चअखेर आणि एप्रिलच्या आरंभी तिकडे साकुराचा बहर असतो. एप्रिलअखेरपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ओळीने सुट्ट्या येतात, आणि ऑगस्टच्या मध्यावर पितरांचा ओबोन सण असतो. या तिन्ही वेळा खोल्यांचे भाव आभाळाला टेकतात. मेचा शेवट बरा. पोरांच्या शाळेलाही सुट्टी आणि तिकडचा पाऊस अजून लागलेला नसतो.

जपानचा व्हिसा मागताना रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. कोणत्या रात्री कोठे मुक्काम, त्या ठिकाणाचे नाव, पत्ता आणि फोन. त्यामुळे "तिकडे गेल्यावर बघू" हा आपला नेहमीचा मार्ग बंद झाला. घरात बसूनच पत्ता ठरवायचा होता, आणि आमचे पहिले भांडण झाले ते या पत्त्यावरूनच.

ओसाका हे शहर मात्र बिनविरोध ठरले होते. तोकियो मोठे आणि दूर पडते. ओसाकात एकच खोली धरून सगळीकडे जाऊन येता येते. नाराचा महाबुद्ध रेल्वेने पाऊण तासावर, क्योतो अर्ध्या तासावर. कोयासान हा डोंगरावरचा मठांचा गाव दीड-दोन तासांवर. तिथल्या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये प. पू. बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. तो पुतळा आईंना डोळ्यांनी पाहायचा होता. शिवाय ओसाकातच शितेन्नोजी हे इ. स. ५९३ मध्ये राजपुत्र शोतोकु याने स्थापन केलेले विहार आहे. तेव्हा शहराचा वाद नव्हता. वाद मोहल्ल्याचा होता.

ओसाकाच्या पोटातून एक वर्तुळाकार रेल्वे फिरते आणि उत्तर-दक्षिण अशी मिदोसुजी नावाची तांबड्या पट्ट्याची भुयारी रेल्वे धावते. ती १९३३ साली सुरू झाली. राहण्याचे ठिकाण या दोहोंपैकी एकीच्या स्टेशनापासून पायी दहा मिनिटांत असावे, एवढा नियम पाळला की चूक होत नाही. उत्तरेला शिन-ओसाका आहे. १९६४ साली सुरू झालेली बुलेट ट्रेन तिथे थांबते आणि हॉटेलेही स्वच्छ आहेत; पण संध्याकाळी तिथे कचेऱ्यांच्या इमारतींखेरीज बघायला काही नाही. त्याच्या खाली उमेदा, म्हणजे मोठमोठी दुकाने आणि तीन-चार स्टेशनांचा गुंता. जगातले पहिले कॅप्सूल हॉटेल १९७९ साली इथेच निघाले. माणसाने एका खणात शिरायचे आणि पडदा ओढून झोपायचे. मुलाने तिथेच झोपायचा हट्ट धरला होता. आईंनी चित्र पाहिले आणि म्हणाल्या, "हे तर शवागार दिसतंय." विषय संपला.

मग नाम्बा. बहुतेक प्रवासी इथेच उतरतात, आणि का उतरतात ते गेल्यावर कळते. विमानतळाची रेल्वे सरळ तिथे येते, कोयासानची गाडी तिथूनच सुटते, कालव्याकाठी रात्री दिव्यांचा लखलखाट आणि पायरीपायरीवर खाण्याचे ठेले. पण आम्ही जाणार त्या दिवसांत तिथे माणशी आठ हजार येनच्या खाली काही हाती लागेना. शंभर येनला आपले पन्नास-साठ रुपये धरा आणि बेचाळीसने गुणा. भिशीचे पाकीट तिथेच रिकामे झाले असते. शिवाय एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जपानी हॉटेलातली खोली दोघांची म्हटली की दोघांचीच. आपल्याकडे लग्नकार्यात एका खोलीत आठ जण गाद्या टाकून झोपतात, तसे तिथे कोणी चालवून घेत नाही. पलंगही "सेमी-डबल" या नावाखाली असा देतात, की नवराबायकोत कोणी कूस बदलली तर दुसऱ्याने खाली उतरावे.

उरली दक्षिणेची दोन ठिकाणे, तेन्नोजी आणि शिन-इमामिया. मधले अंतर एक स्टेशन, सुमारे किलोमीटरभर. भाव मात्र निम्म्याहून कमी होतो. तेन्नोजीला साध्या हॉटेलात माणशी साडेसहा हजार येन, आणि शिन-इमामिया स्टेशनाच्या दक्षिणेला रूळ ओलांडून गेले की माणशी अडीच हजार. एवढा फरक का, असे आम्ही तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांना विचारले. ते चाचरले. मग म्हणाले, "साहेब, रुळांच्या पलीकडे राहू नका. ती वस्ती चांगली नाही. फॅमिली आहे तुमच्याबरोबर."

ही वाक्ये आम्हांला पाठ आहेत. आमच्या वस्तीच्या तोंडाशी रिक्षा थांबते आणि चालक आतल्या सवारीला हेच सांगतो. काका ताडकन् म्हणाले, "मग तिथेच राहायचं." स्नेह्यांनीही मान डोलावली. आम्हीही त्या बाजूचे होतो, त्यात तत्त्व होते आणि बचतही होती. पण वहिनी बोलल्या ते आजही आमच्या मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हांला तत्त्व सुचतं. माझा जन्म पत्र्याच्या घरात गेला. रात्री दारुड्यांचा आवाज ऐकत मी दहावीचा अभ्यास केला. पाच वर्षं पैसे साठवले ते पुन्हा तसल्याच गल्लीत झोपायला? एकदा तरी मला पांढऱ्या चादरीवर झोपू द्या, आतून कडी लागणाऱ्या न्हाणीत."

यावर सभेत कोणी काही बोलले नाही. चळवळीत काम करताना आपण स्वाभिमानाच्या गोष्टी पुष्कळ करतो, पण घरातल्या बाईला कडी लागणारी न्हाणी हवी असते, हे आपल्या ठरावांत येत नाही. शेवटी तडजोड झाली. पहिल्या दोन रात्री तेन्नोजीला, पुढच्या चार रुळांच्या पलीकडे. अर्जावर दोन्ही पत्ते लिहिले.

कान्साई विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे. १९९४ साली तो सुरू झाला. तिथून रेल्वेने तेन्नोजीला आलो. हॉटेलवाले दुपारी तीनच्या आधी खोली देत नाहीत, आणि सकाळी दहा-अकराला सोडायला लावतात. सामान मात्र आनंदाने ठेवून घेतात. वहिनींना पांढरी चादर मिळाली आणि न्हाणीला कडीही होती. त्या तासभर बाहेर आल्या नाहीत, आणि कोणी दार वाजवले नाही.

नोंदवहीत पासपोर्टचा तपशील आणि आपला भारतातला पत्ता लिहायचा होता. आम्ही लिहिला आणि मग आमचे आम्हांलाच चमकल्यासारखे झाले. आमच्या हाताने "स्टेशन रोड" असे लिहिले होते. आमची वस्ती महामानवाच्या नावाची आहे. नोकरीच्या पहिल्या अर्जापासून, खोली भाड्याने मागताना, बँकेत खाते उघडताना आम्ही ते नाव गाळून स्टेशन रोड लिहीत आलो. मुलाखतीत पत्ता वाचून समोरच्याचा चेहरा बदलतो, तो बदलू नये म्हणून. सहा हजार किलोमीटर दूर, जिथे आमच्या वस्तीचे नाव ऐकून कोणाच्याही कपाळाला आठी पडणार नव्हती, तिथेही हाताने सवय सोडली नाही.

त्याच हॉटेलात सातव्या मजल्यावर मोठे गरम पाण्याचे स्नानगृह होते. दिवसभर चालून आईंचे गुडघे धरले होते, म्हणून सौभाग्यवती त्यांना घेऊन वर गेल्या. दहा मिनिटांत दोघी परत आल्या. दारावर पाटी होती की अंगावर गोंदवलेले असेल त्यांना प्रवेश नाही. आईंच्या मनगटावर हिरव्या ठिपक्यांचे गोंदण आहे आणि भावाचे नाव आहे. तिथली मुलगी फार नम्र होती. तिने दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरले आणि चार वेळा वाकून माफी मागितली. पूर्वी तिकडच्या गुंडांच्या टोळ्या अंगभर गोंदवून घेत, तेव्हापासून ही बंदी आहे, असे नंतर समजले. आईंनी एवढेच विचारले, "विटाळ धरतात का हे?" नाही म्हणून सांगितले. त्यांना ते पटले असे वाटले नाही.

तेन्नोजीचे सुख म्हणजे शितेन्नोजी तिथून पायी पंधरा मिनिटांवर. मूळ इमारती काळाच्या ओघात अनेकदा जळाल्या, १९४५ च्या बाँबहल्ल्यातही नष्ट झाल्या. आजचे बांधकाम बहुतांशी १९६३ चे, काँक्रीटचे. शोतोकुने विहाराबरोबर दवाखाना, औषधालय आणि निराधारांचे आश्रयस्थान उभारले, असे परंपरा सांगते. आपल्या विहार समित्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. दर महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला आवारात बाजार भरतो. आमचा तो चुकला. पुढे जाणाऱ्यांनी तारखा जुळवाव्यात.

तिसऱ्या दिवशी सामान ओढत उतार उतरलो. शितेन्नोजी आणि तेन्नोजी उंचवट्यावर आहेत, ती दुसरी वस्ती खालच्या अंगाला. गाव वर आणि आपला वाडा खाली, हे आमच्या पायांना ओळखीचे होते. रुळांखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलो. या भागाचे जुने नाव कामागासाकी. १९६६ साली सरकारने त्याला आइरिन असे नवे नाव दिले. त्याचा अर्थ शेजाऱ्यावर प्रेम. नाव बदलून वस्तीचे दैव बदलते असे सरकारांना सगळीकडेच वाटते.

१९०३ साली ओसाकात मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्या सुमारास शहराच्या दर्शनी भागातले गरीब दक्षिणेला, तेव्हाच्या हद्दीबाहेर ढकलले गेले आणि इथे स्वस्त धर्मशाळा वाढल्या. पुढे १९७० चे जागतिक प्रदर्शन आले. ते उभारायला, रस्ते, पूल आणि भुयारी रेल्वे बांधायला देशभरातून एकटे पुरुष इथे आणले गेले. पहाटे ठेकेदाराची गाडी येई आणि माणसे भरून नेई. आपल्याकडचा मजुरांचा नाकाच. १९७० साली या नाक्यावर सरकारने मजूर केंद्राची प्रचंड इमारत बांधली. काम दिवसाचे, मजुरी दिवसाची आणि खोलीही दिवसाची. जपानीत धर्मशाळेला "यादो" म्हणतात. मजुरांनी तो शब्द उलटा केला, "दोया". ही कसली धर्मशाळा, असा त्यातला टोमणा.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये एका वृद्ध मजुराला मोटारीने उडवले. पोलिसांनी त्याचा देह रस्त्यावरच पडू दिला, यावरून वस्ती पेटली आणि दिवसेंदिवस धुमसत राहिली. त्यानंतरही दंगली झाल्या, एक मोठी १९९० मध्ये. वर्तमानपत्रांत या जागेचे नाव आले ते दंगलीमुळे. तिने बांधलेल्या पुलांवर तिचे नाव कोणी लिहिले नाही. पुढे मंदी आली, कामे आटली, माणसे म्हातारी झाली. आज तिथे दिसतात ते सत्तरीचे एकटे पुरुष. पुष्कळांचा गुजारा सरकारी निर्वाह मदतीवर चालतो. रिकाम्या झालेल्या दोयांपैकी काही मालकांनी रंग काढून प्रवाशांसाठी उघडल्या. अडीच हजार येनचे रहस्य हे आहे.

आमची खोली तातामी चटयांची होती. तीन चटया लांबीरुंदी, म्हणजे दोन माणसे झोपली की पिशवी पायाशी. गादी रात्री अंथरायची, सकाळी घडी करून ठेवायची. एक छोटा दूरदर्शन संच, खिडकी, थंडगार यंत्र. संडास मजल्यावर सामाईक, पण असा लखलखीत की आमच्या कचेरीतल्या साहेबांच्या संडासाला लाज वाटावी. जोडे दाराशीच काढायचे. धुलाई यंत्र खाली होते, नाणी टाका आणि कपडे धुवा. सगळ्या दोया अशा नसतात. बायकांना स्नानाची वेळ वेगळी आहे का, खोली विनाधूम्रपान आहे का आणि लिफ्ट आहे का, या तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. आम्ही तिसरी विचारली नव्हती. आईंना चार दिवस तीन जिने चढावे लागले, त्याचा दोष आमचाच.

भीती वाटली का? पहिल्या संध्याकाळी वाटली. एक जण पिऊन भिंतीशी बोलत होता. मुलाचा हात आम्ही घट्ट धरला आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण आमच्या कोपऱ्यावर रोज असा एक तरी असतो आणि मुलगा त्याला काका म्हणतो. चार रात्रींत आमच्या वाटेला कोणी गेले नाही. एक खरी गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. थोड्या अंतरावर तोबिता नावाची जुनी पेठ आहे. जपानमध्ये वेश्याव्यवसायाला १९५८ पासून कायद्याने बंदी आहे, तरी तिथे उपाहारगृहाच्या नावाखाली तो चालतो. कुटुंबाने त्या गल्ल्यांत जाऊ नये, आणि पुरुषांनी तर मुळीच जाऊ नये. वस्तीतल्या माणसांचे फोटोही विचारल्याशिवाय काढू नयेत. आपली गरिबी दुसऱ्याने टिपून नेली की कसे वाटते, ते आपणांस ठाऊक आहे.

आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न इथे सुटला. दोयात टब नव्हता, म्हणून गल्लीतल्या सेन्तोत, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, सगळ्या बायका गेल्या. तेव्हा तिकीट पाचशे येनच्या आसपास होते. गल्ल्यावर एक आजीबाई होत्या. आईंनी आधीच मनगट पुढे केले. आजीबाईंनी गोंदण पाहिले, त्यावर बोट ठेवून काहीतरी विचारले, हसल्या आणि आत जायची खूण केली. मोहल्ल्यातली जुनी न्हाणीघरे बहुधा गोंदण अडवत नाहीत. आई त्यानंतर रोज संध्याकाळी पाचला साबण घेऊन तयार असत. त्यांचा जपानवर राग होता तो तिथे उतरला.

इथून वर्तुळाकार रेल्वेने दुसरे स्टेशन आशिहाराबाशी. आम्हांला तिथे जायचेच होते. जपानमध्ये चामड्याचे, कत्तलखान्याचे, मेलेली जनावरे ओढण्याचे काम करणाऱ्यांना शतकानुशतके अस्पृश्य धरले. १८७१ साली कायद्याने ती दर्जाव्यवस्था रद्द झाली, पण माणसांच्या मनातली झाली नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत त्यांनी सुईहेईशा ही स्वाभिमानाची संघटना स्थापन केली, आपल्या महाड सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. आज त्यांना बुराकु म्हणतात, आणि बुराकु या शब्दाचा अर्थच मुळी वस्ती. त्यांचा चेहरा, भाषा, आडनाव इतरांसारखेच. ओळखायचे कसे? पत्त्यावरून. १९७५ मध्ये उघडकीस आले की देशभरातल्या बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांची यादी गुपचूप छापून विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती घेतली होती. नोकरीच्या अर्जावरचा पत्ता यादीत सापडला की अर्ज बाजूला. लग्न जुळवतानाही गुप्तहेर लावून पत्ता शोधला जाई. ओसाका प्रांताने १९८५ मध्ये अशा चौकशीविरुद्ध नियम केला. बुराकु भेदभाव संपवण्याचा राष्ट्रीय कायदा व्हायला २०१६ उजाडले. हे आम्ही मुलाच्या मोबाईलमध्ये वाचत गाडीत बसलो होतो, आणि आमच्या डोळ्यांसमोर तेन्नोजीच्या नोंदवहीतले "स्टेशन रोड" होते.

काकांनी विचारले, "बुद्धाच्या देशात हे?" होय. तिथल्या काही विहारांनी तर या लोकांना मरणोत्तर नावे देतानाही हीनत्वाची अक्षरे वापरली आणि ती थडग्यांवर कोरली. पंथांनी पुढे चूक मान्य केली. काका स्टेशन येईपर्यंत गप्प होते.

इथे १९८५ साली मानवी हक्कांचे एक संग्रहालय उभे राहिले होते. सरकारी अनुदान गेले, जागेचा खटला झाला आणि ३१ मे २०२० रोजी ते बंद झाले. आम्हांला ते पाहता आले नाही. पण रस्त्याकडेला ढोलाची शिल्पे आहेत. इथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचे ढोल बनवत. वाजवायचे मात्र इतरांनी. १९८७ मध्ये इथल्या तरुणांनी स्वतःच ढोल हाती घेतला. वस्तीचे नाव लपवण्याऐवजी त्यांनी ते रस्त्यावर मांडले आहे, म्हणून आम्हीही ते इथे लिहितो. इतर बुराकु वस्त्यांची नावे आम्हांला कळली तरी लिहिणार नाही. कामागासाकीला मात्र कोणी बुराकु समजू नये. तिथे सगळ्या जातकुळींचे, कोरियन वंशाचेही मजूर आले. त्यांचे दुखणे वेगळे, पण पत्त्याचेच. कायमचे घर नसल्याने अनेकांनी वस्तीतल्या मजुरांच्या सभागृहाचा पत्ता आपला म्हणून नोंदवला होता. २००७ साली महापालिकेने अशा सुमारे दोन हजार जणांची नोंद रद्द केली. नोंद गेली की मतदान गेले.

कोयासानला एका दिवसात जाऊन आलो. मठात राहण्याची सोय आहे, पन्नासांहून अधिक मठ प्रवासी ठेवतात, पण दोन वेळच्या शाकाहारी जेवणासह माणशी दहा हजार येनच्या वरच. ज्यांना झेपेल त्यांनी एक रात्र जरूर राहावे. शिन-इमामियाला कोयासानची गाडी थांबते, त्यामुळे आम्हांला नाम्बापर्यंतही जावे लागले नाही. आईंनी पुतळ्यापुढे मेणबत्ती लावायला घरून काडेपेटी आणली होती, ती विमानतळावरच काढून घेतली होती. मग नुसते हात जोडून त्रिसरण पंचशील म्हटले.

वहिनींना शेवटच्या रात्री विचारले, पुन्हा आलात तर कुठे राहाल? म्हणाल्या, "तेन्नोजीला. आंघोळीला मात्र आईंबरोबर इकडे येईन." आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्यांच्याबरोबर लहान मूल वा आजारी माणूस आहे त्यांनी तेन्नोजीच धरावे. रूळ ओलांडले की स्वस्तही आहे आणि माणुसकीही आहे, पण जिने आहेत. २०२५ च्या १३ एप्रिलपासून १३ ऑक्टोबरपर्यंत ओसाकात पुन्हा जागतिक प्रदर्शन झाले. शिन-इमामिया स्टेशनासमोर तर २०२२ पासूनच एक मोठे उंची हॉटेल उभे आहे. आम्ही लिहिलेला अडीच हजारांचा भाव पुढे सापडेलच असे नाही.

काका रोज पहाटे पाचला उठून नाक्यावर जात. मजूर केंद्राची इमारत २०१९ मध्ये बंद झाली. बंद शटरच्या भोवती काही जण पथारी टाकून होते, त्यांना डिसेंबर २०२४ मध्ये हटवण्यात आले. ठेकेदारांच्या गाड्या तरी येतच होत्या. शेवटच्या पहाटे आम्हीही काकांबरोबर गेलो. त्यांचा एक दोस्त झाला होता, त्यांच्याच वयाचा, डोक्याला टॉवेल बांधलेला. भाषा एकमेकांची येत नव्हती. त्याने यंत्रात नाणे टाकून काकांना गरम कॉफीचा डबा काढून दिला. मुलाने दोघांचा फोटो काढला, विचारून. काकांनी खुणेने पत्ता मागितला, फोटो पाठवायला. तो माणूस जरा थांबला. मग त्याने चिठ्ठीवर एका दोयाचे नाव लिहिले आणि खाली खोलीचा आकडा. काकांनी दुसऱ्या चिठ्ठीवर आपला पत्ता लिहून दिला, वस्तीच्या नावासकट, ठळक अक्षरांत.

जूनमध्ये आम्ही तो फोटो पोस्टाने रवाना केला. पोचल्याचे उत्तर आले नाही. पाकीट परतही आलेले नाही.